दोन दिवे, एक पंखा

फाइल उघडली आणि बोटाला काहीतरी टोचलं. पाहिलं तर भाताचं कुसळ. दोन पानांच्या मधे, टॅगच्या दोऱ्याला अडकून बसलेलं, पिवळं आणि अजून ताठ. मुंबईतल्या आठव्या मजल्यावर, जिथल्या खिडक्या उघडतच नाहीत, तिथे हे कुठून आलं ते मला लगेच कळलं. तीन वर्षं ते या फाइलीबरोबर फिरतंय. माझ्या टेबलावरून साहेबांच्या टेबलावर, तिथून समितीपुढे, आणि आता परत माझ्याकडे. एवढ्या लोकांच्या हातून गेलं, पण एकालाही टोचल्याचं ऐकिवात नाही. टोचायला पान उलटावं लागतं.

बाहेर ऑक्टोबर चालू आहे. इथे लोक उकाड्याबद्दल कुरकुरतात आणि एसी वाढवतात. आमच्या पोलादपुरात हे कापणीचे दिवस. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमचं गाव. पावसाळाभर गाव निम्मं बंद असतं, दारांना कुलपं, ओट्यांवर शेवाळ. दसरा झाला की मुंबईतली माणसं रजा टाकून उतरतात, कुलपं निघतात, आठ-पंधरा दिवस प्रत्येक घरातून धूर आणि भांडण दोन्ही यायला लागतात. सकाळी खाचरांवर धुकं, दहा वाजता कातडी भाजणारं ऊन, आणि सगळीकडे कापलेल्या भाताचा तो वास, थोडा गोड, थोडा ओला. हातावर पेंढ्याचे ओरखडे उठतात आणि आंघोळीचं गरम पाणी लागलं की चुरचुरतात. इथे बसून आजही मला ती चुरचुर आठवते, आणि इथला साबण कितीही महाग असला तरी त्यात ती मजा नाही.

आणि पंखा. झोडलेलं भात वारवायला पूर्वी वाऱ्याची वाट बघावी लागे. वडील सूप घेऊन खळ्यात उभे राहायचे, वारा आला की भात वरून सोडायचे, वारा पडला की नुसतेच उभे. आता टेबलफॅन असतो. स्टुलावर बांधायचा, घरातून लांब वायर ओढायची, समोर भात सोडायचं. दाणा सरळ खाली पडतो, फोल उडून लांब जातं. पण त्यासाठी पंखा पंख्यासारखा फिरला पाहिजे. आमच्याकडे सगळ्या घरांतून एकदम पंखे लागले की विजेचा दाब असा उतरायचा, की पंख्याची पाती एकेक करून मोजता यायची. फोल उडायचं आणि हातभर जाऊन परत भातातच पडायचं. बायका दुपारभर तेच भात दोनदा-तीनदा वारवायच्या. वीज असून वाऱ्याची वाट बघायची, हे मी लहानपणापासून पाहिलंय, आणि इंजिनिअर व्हायचं त्याच खळ्यात ठरवलं असं मी सांगत फिरत नाही, पण खोटंही बोलणार नाही.

माझं काम वीज तयार करण्याचं नाही आणि घरोघर पोचवण्याचंही नाही. मधल्या मोठ्या वाटांचं आहे. डोंगरांवरून जाणारे मनोरे, उच्चदाब वाहिन्या, उपकेंद्रं. दहा वर्षांनी कुठे किती वीज लागेल याचा अंदाज बांधायचा आणि त्याप्रमाणे आज नकाशावर रेघ मारायची. आमच्या खोऱ्याला महाडकडून एकच वाहिनी येते. सावित्री ओलांडते, डोंगराच्या कडेकडेनं वर चढते. पावसात एखादी दरड सरकली, एखादं झाड तारांवर आलं की अख्खं खोरं अंधारात, कधी दोन दिवस, कधी चार. दुसऱ्या बाजूनं दुसरी वाहिनी आली तर एक पडली तरी दुसरी उभी राहील. घराला मागचं दार असावं, इतकी साधी गोष्ट. ही फाइल त्या मागच्या दाराची आहे.

तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा मांडली तेव्हा उत्तर आलं, भार कमी आहे. मीटरचे आकडे बघा म्हणाले, तिथे कुणी एवढी वीज वापरतच नाही. मी बैठकीत विचारलं, जी वीज आलीच नाही ती मीटरला दिसणार कशी? दाब नाही म्हणून लोक यंत्र लावत नाहीत, यंत्र लावत नाहीत म्हणून मीटर फिरत नाही, मीटर फिरत नाही म्हणून तुम्ही वाहिनी देत नाही. साहेब टेबलावर पेन आपटत म्हणाले, "मग दाखवा ना मोजून. घरोघर जा, काय काय उपकरणं आहेत ती लिहून आणा. लोकांना वीज हवी आहे हे कागदावर दिसू दे." मला हेच हवं होतं. मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन आधी आत्याला फोन लावला.

सुमनआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न गावातच झालं, म्हणून गाव तिच्यावाचून कधी राहिलं नाही. वाडीतल्या बायकांच्या बचतगटाची ती प्रमुख आहे, आणि गटाबाहेरच्या बायकांचीही. चुलीच्या धुरानं तिची फुप्फुसं खराब झालीत. तिच्या मुलानं मुंबईहून ऑक्सिजनचं मशीन आणून दिलंय. दिवसातले बरेच तास ती नाकात नळी घालून त्याच्याशेजारी बसते आणि तिथूनच वाडीचा कारभार बघते. लाइट गेली की कोपऱ्यात ठेवलेला सिलिंडर. सिलिंडर संपत आला की कुणीतरी महाडला पळायचं. पावसात घाटरस्ता बंद असला की पळायलाही जागा नाही. दुसरी वाहिनी का हवी असं मला कुणी विचारलं की मी भाराचे तक्ते काढते, पण माझ्या डोळ्यांसमोर तो सिलिंडरचा काटा असतो.

फोनवर मी तिला सांगितलं, "आत्या, मी ऑफिसच्या माणसांबरोबर येणार आहे. माझी ओळख दाखवू नकोस हं."

"का गो? आमी काय चोर हाव?"

"तसं नाही. माझंच गाव म्हटल्यावर म्हणतील, बाईंनी स्वतःच्या गावासाठी आकडे फुगवले."

"बरं. तू म्हनशील तसं," ती म्हणाली.

लग्नानंतर माझं आडनाव बदललंय, बोलणं शहरी झालंय. ऑफिसात कुणाला माझं माहेर माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. यात शहाणपण आहे असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

मोजणीच्या दिवशी आम्ही तिघं होतो. मी, कार्यालयातला एक सहकारी आणि गावचा वायरमन सकपाळ. सकपाळ मला लहानपणापासून ओळखतो, पण त्यालाही आत्यानं निरोप दिलेला, त्यामुळे तो मला इतक्यांदा मॅडम म्हणाला की मलाच लाज वाटली. खळ्यांमधून भाताच्या उडव्या रचलेल्या, कोंबड्या त्यांच्याभोवती फिरताहेत. माझ्या हातात छापील तक्ते. घर क्रमांक, दिवे, पंखे, इतर उपकरणं.

पहिल्या घरी बाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दोन दिवं नि एक पंखा." दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही तेच. दारं अर्धी लोटलेली, आतून चटणीचा ताजा वास, मिक्सरचा आवाज आम्ही बांधावर असताना ऐकलेला, आणि तरी दोन दिवे, एक पंखा. एका ओटीवर चौकोनी काहीतरी लुगड्यानं झाकलेलं होतं. सहकाऱ्यानं विचारलं, तर म्हातारा म्हणाला, "कनगी हाय भाताची." त्या कनगीतून फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

नवव्या घरी आत्या. तिनं दार उघडलं, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "या मॅडम."

मी विचारलं, "किती उपकरणं?"

"आमच्याकडं काय हाय. दोन दिवं नि एक पंखा."

नाकात नळी नव्हती. कोपऱ्यात गोधड्यांचा ढीग होता. तिचे ओठ मला काळपट दिसले, पण सहकारी शेजारी उभा होता, आणि मी मान खाली घालून लिहिलं. दिवे दोन, पंखे एक, इतर निरंक. ते माझं अक्षर आहे. याच फाइलीत, सतराव्या पानावर.

संध्याकाळी महाडच्या विश्रामगृहात बेरीज केली. अख्ख्या वाडीचा भार मीटरनं सांगितला होता त्याहूनही कमी निघाला. मी बाहेर रस्त्यावर येऊन आत्याला फोन केला आणि ओरडले. मोठ्या माणसांशी असं बोलू नये वगैरे सगळं विसरून ओरडले. मशीन कुठे होतं विचारलं.

"गोदड्यांखाली."

"तास-दीड तास तू मशीनशिवाय बसलीस?"

"सरकारी मानूस दारात असला की आमी काय दाखवत नाय, बाय. तुजा बापूस पन नाय दाखवायचा. तूच बोललीस ना, वळख दाखवू नको. मग तू सरकारीच झालीस. वाडीला मीच सांगितलं, कुनी काय काडू नका."

तिचं चूक नव्हतं. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. कुणी वही घेऊन वाडीत शिरलं, की आधी कुत्री भुंकायची आणि मग घराघरातून वस्तू नाहीशा व्हायच्या. म्हशी रानात, सायकल माळ्यावर. विहिरीवरचा पंप वडिलांनी एकदा चक्क पेंढ्यात पुरला होता, आणि तो अधिकारी त्याच पेंढ्याला टेकून चहा प्यायला. आम्ही पोरं तोंड दाबून हसलो होतो. लिहून नेलेल्या गोष्टीचं पुढे काय होतं ते आमच्या लोकांना कधी कुणी सांगितलेलं नाही. जे सांगावं ते कमीच सांगावं, ही आमच्याकडची रीत. यात लबाडी कमी आणि अनुभव जास्त. राग मला रीतीचा आला नाही. मी त्या रीतीची लेक असून तिच्या दारात वही घेऊन परकी होऊन उभी राहिले, याचा आला. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असंही मला वाटत नाही.

मुंबईला परतून साहेबांना सांगितलं, मोजणी चुकली.

"कोणाची चूक?"

"माझी. परत करायची आहे, आणि या वेळी तुम्ही या."

ते वैतागले, पण आंबेनळीत वाहिनीचा मार्ग बघायला त्यांना यायचंच होतं. त्याआधीच्या रविवारी मी एकटी गावी गेले. वही नेली नाही. आत्याच्या खळ्यात बायका भात वारवत होत्या. मीही सूप घेऊन उभी राहिले, आणि तो मरतुकडा पंखा फिरत असताना त्यांना सगळं सांगितलं. वही कुठे जाते, आकडे कोण बघतं, दोन दिवे लिहिले की दोन दिव्यांपुरतीच तार येते. आत्यानं नाकातली नळी नीट केली आणि विचारलं, "म्हंजे, सगलं भायेर काडायचं?"

"सगळं."

"मंग काडू."

साहेब आले तेव्हा अकरा वाजले होते. वाडीत शिरले आणि थबकलेच. प्रत्येक ओटीवर घरातली वीज बाहेर मांडलेली. फ्रिज, मिक्सर, इस्त्र्या, टीव्ही. एकानं विहिरीवरचा पंप दाखवायला पाणीच सोडलं होतं. भाताची गिरण उघडी, तिच्याशेजारी मळणीचं यंत्र. कनगीवाला म्हातारा लुगडं काढलेल्या फ्रिजशेजारी खुर्ची टाकून बसला होता. आणि नवव्या घराच्या ओटीवर, मधोमध, आत्या. नाकात नळी, शेजारी मशीन, त्याचा हिरवा दिवा लागलेला.

"मॅडम, सगलं येकदम चालू केलं तर न्हाय झेपायचं," सकपाळ हळूच म्हणाला.

साहेब म्हणाले, "करू दे चालू."

आत्यानं हात वर केला आणि वाडी सुरू झाली. गिरण घरघरली, यंत्र धडधडलं, चार घरचे टीव्ही चार आवाजांत बोलायला लागले. खळ्यातला पंखा जोरात फिरला, मग हळू, मग आणखी हळू. टीव्हीवरचं चित्र आखडत गेलं. तिकडे आंब्याखालच्या रोहित्रातून, गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून, धप्प असा आवाज आला आणि सगळं थांबलं. एवढ्या गोंगाटानंतर नदीचं पाणी ऐकू यायला लागलं. आणि त्या शांततेत एकच आवाज राहिला, वीज गेल्यावर आत्याचं मशीन जो टीं टीं करत ओरडतं तो. सिलिंडर शेजारी तयार ठेवला होता. तिनं नळी काढून सिलिंडरला जोडली, दोन श्वास घेतले, आणि साहेबांकडे न बघता मला म्हणाली, "बाय, आता लिव."

मी लिहिलं. फाइलीतलं कुसळ त्याच दिवसाचं असणार, अंगभर पेंढा होता.

जीपमध्ये साहेब म्हणाले, "हा तर गावच्या रोहित्राचा प्रश्न आहे. मोठं रोहित्र बसवलं की झालं."

"बसवा की. पण त्यात ओतायला वीज कुठून आणायची? उपकेंद्रात जागा नाही आणि वाहिनीत त्याहून नाही," मी म्हटलं. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी मान हलवली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "त्या बाई तुम्हाला बाय म्हणाल्या. ओळख आहे का?"

आणि मी म्हटलं, "इकडे सगळ्यांनाच बाय म्हणतात."

घाटाच्या वळणावर वाहिनीच्या प्रस्तावित मार्गाची लाल निशाणं वाऱ्यावर फडफडत होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. अख्खी वाडी आपलं घर ओटीवर मांडून बसली, एका आजारी बाईनं आपला श्वाससुद्धा लोकांसमोर मांडला, आणि मी तिची भाची असल्याचं तेवढं गोधडीखाली ठेवलं.

त्या मोजणीवर प्रस्ताव आराखड्यात शिरला. नकाशावर रेघ उमटली. आत्याला मी फोटो पाठवला, तिनं तो वाडीभर दाखवला. आणि आता, तीन वर्षांनी, आराखड्याला कात्री लावायची वेळ आली तेव्हा पहिली रेघ हीच निघाली. शेरा असा आहे: सदर मोजणी सुगीच्या काळातील असल्याने अपवादात्मक समजावी. वार्षिक सरासरी धरून सुधारित टिपण सादर करावे, अन्यथा फेरमोजणी करावी.

वार्षिक सरासरी! म्हणजे पावसाळ्यातल्या बंद घरांची कुलपंही मोजायची, त्यांना दिवाळीच्या माणसांत मिसळायचं, आणि जो आकडा निघेल तेवढीच तार द्यायची. सरासरीच्या दिवशी कुणाचं भात वारवायचं नसतं. सरासरीच्या दिवशी दरड पडत नाही. नदीवरचा पूल बांधताना पाण्याची सरासरी धरली तर काय होतं हे सावित्रीकाठच्या माणसांना कुणी शिकवू नये. वाहिनी ही सगळ्यात जड दिवसासाठी असते, हे मला याच साहेबांनी शिकवलंय. सकाळी तेच माझ्या टेबलापाशी आले आणि नजर चुकवत म्हणाले, "सही करून टाका. पुढच्या टप्प्यात बघू." सुधारित टिपण आयतं टाइप करून आणलं होतं. खाली माझं नाव, वर सहीला जागा.

दुपारी आत्याला फोन केला. मागे पंख्याचा आवाज येत होता. तो आवाज मी कुठेही ओळखीन, ते कण्हणं.

"आत्या, परत मोजा म्हणतायत."

"मोजू दे की. आमी कुटं पललो? सगलं भायेर काडून ठेवते." मग म्हणाली, "या टायमाला तुला मॅडम म्हनू, का बाय?"

मी ते टाइप केलेलं टिपण टेबलाच्या कडेला सरकवलं.

"बाय म्हण," मी म्हटलं.

आयतं टाइप केलेलं टिपण मी फाडून टाकलं. कोरा कागद घेतला आणि हातानं लिहिलं. भाराचा आकडा जसाच्या तसा ठेवला, एकानंही कमी केला नाही. सरासरी का चालणार नाही ते लिहिलं. आणि शेवटी कार्यालयीन मराठीत, जितकी येते तितकी:

"सदर गाव हे अधोस्वाक्षरीकाराचे माहेर आहे. घर क्रमांक नऊ हे अधोस्वाक्षरीकाराच्या सख्ख्या आत्याचे असून तेथे प्राणवायूचे यंत्र आहे. पृष्ठ सतरावरील 'इतर निरंक' ही नोंद खोटी आहे व ती अधोस्वाक्षरीकाराने स्वतः केली आहे. तिसरी मोजणी करावयाची असल्यास याच हंगामात करावी. ओळख दाखवली जाईल."

खाली सही केली. नेहमीची दोन अक्षरांची गिचमीड नाही. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, गाव, तालुका. मग ते कुसळ उचललं आणि परत त्याच पानात ठेवलं, या वेळी टोक बाहेर करून.